अण्णांनी वाचवलेला दिवस

आमचे घरमालक अण्णा यांच्याइतका युरोपच्या रेल्वेचा जाणकार अख्ख्या बंगळुरात नव्हता, आणि युरोप त्यांनी नकाशातच पाहिला होता. नव्वदच्या दशकात आमच्या कंप्यूटर कंपन्यांतली मंडळी परदेशी निघाली, की आधी यशवंतपूरला अण्णांच्या पायरीवर हजेरी लावत. मूळचे बेळगावचे अण्णा कारखान्यातून निवृत्त झालेले. मुलगा हॅम्बुर्गला नोकरीला लागल्यापासून तिकडच्या गाड्यांची वेळापत्रकं त्यांनी पाठ केली होती. रेल्वेचा पास इथूनच घेऊन जा, हे ते इतक्या कळकळीने सांगत, की ऐकणाऱ्याला व्हिसा किरकोळ वाटे. पासावर प्रवासाचे मोजकेच दिवस मिळत, आणि ज्या दिवशी गाडीत बसायचं त्या दिवसाची तारीख आपणच त्यावर घालायची; त्यातला एकही दिवस वाया जाता कामा नये, यात त्यांचा जीव. माझ्या एका मित्राने टापटिपीच्या हौसेने पासावरच्या साऱ्या तारखा घरीच भरून टाकल्या, तर अण्णांनी त्याच्यासाठी आलेली कॉफी आत परत पाठवली. "गाडीत चढायच्या दिवशी तारीख घालायची की रे! लग्नाआधी बारसं करतोस काय?"

मग एके दिवशी हॅम्बुर्गहून फोन आला. मुलगा इस्पितळात होता, आणि दुखणं साधं नव्हतं. बायकोचा, म्हणजे आमच्या अक्कांचा, पासपोर्टच नव्हता. अण्णा एकटेच गेले, पास खिशात घालून. महिन्याभराने परतले ते मुलाच्या अस्थी घेऊन.

पुढे माझं जाणं ठरलं तेव्हा त्याच पायरीवर ते हलक्या आवाजात म्हणाले, "पॅरिसला उतरलो. इस्पितळात फोन केला, तर आज बरा आहे म्हणाले. दुपारची गाडी समोर उभी होती, पण ती पोचणार मध्यरात्रीनंतर, म्हणजे पासावरचे दोन दिवस जाणार. संध्याकाळी सातनंतर सुटणाऱ्या रात्रीच्या गाडीला दुसऱ्या दिवसाची एकच तारीख चालते. तो बरा झाला की त्याच्यासंगं फिरायला एक दिवस जास्त मिळेल, म्हटलं. सोडली गाडी." रात्रीच्या गाडीने ते सकाळी पोचले, तोवर मुलगा गेला होता. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं. यातलं काहीच जमलं नाही.

एवढ्यात अक्का कॉफी घेऊन बाहेर आल्या. भेट झाली, असंच अण्णांनी त्यांना सांगितलं होतं, आणि मुलगा काय काय बोलला, ते अक्का रोज विचारत.

"आणि काय म्हणाला हो तो? सांगा की."

गाडीची वेळसुद्धा कधी अंदाजाने न सांगणाऱ्या अण्णांनी कप हातात घेतला. "आईसारखा भात तिकडं कुणाला जमत नाही, म्हणाला."

अक्का पदराने डोळे टिपत, पण हसत आत गेल्या. अण्णा कपाकडे बघत बसले. उद्या काय सांगायचं, ते शोधत असावेत.