बैलाच्या पारखीनं जमवलेला टीव्ही

कोळवणच्या खोऱ्यात माज्याएवढा शाणा माणूस दुसरा न्हाई, असं त्या काळात एका माणसाचं ठाम मत व्हतं. तो माणूस मीच. दुसरा कोण मिळाला न्हाई.

शाळेचं म्हणाल तर दुसरीत दोन वर्षं बसलो, शेवटी मास्तरच कटाळून बदली घेऊन गेले. पर बैलातलं मला कळायचं. चाकणच्या बाजारात कुणाच्या एकट्या बैलाला जोड बघून द्यायचा, हा माजा धंदा. शिंगं सारखी, उंची सारखी, चाल सारखी. त्या धंद्यात दोन गोष्टी पाळायच्या. भाव तोंडानं बोलायचा न्हाई, टावेलाखाली एकमेकाची बोटं धरून ठरवायचा. आन आपल्या दावणीला काय हाय, ते इकणाऱ्याला कदी सांगायचं न्हाई. घरी एक बैल जोडीची वाट बघत उबा हाय, हे त्याला कळलं की त्यानं भाव चढवलाच म्हणून समजा.

एवढ्यावर सगळं जग चालतंय असं मी समजत व्हतो. टीव्ही बी.

झालं असं, की आमच्या आळीत एकानं डोंगराकडचा उतार पुण्याच्या एका सायबाला बंगल्यासाठी इकला आन घरात टीव्ही आणला. ज्या उतारावर त्याच्या बापानं कदी नाचणीशिवाय काय काढलं न्हाई, त्या उतारावर ह्यानं टीव्ही काढला. शनवारी संध्याकाळी मराठी सिनेमा लागायचा. आळीतल्या बाया बघायला जायच्या, त्यात माजी बायकू बी. आठवडाभर भातखाचरात वाकून असणाऱ्या बाईला तेवढीच गंमत. मंग त्या घरातल्या काकीनं एक रीत पाडली. बाया वट्यावर बसल्या की एकेकीच्या म्होरं तांदळाचं सूप यायचं. बघता बघता खडं काढा. चार शनवार असं चाललं. पाचव्या शनवारी सिनेमाच्या येळंला बायकू घरातच.

"आज गेली न्हाईस व्हय?"

"न्हाई."

"का गं?"

"मागल्या शनवारी गाणं लागलं म्हणून जरा मान वर केली, तर काकी म्हणती, 'तुज्या सुपात खडं तसंच हायेत गं बया. फुकट बघायचं तर नीट तरी निवड.' सगळ्या हसल्या." तिनं चुलीत लाकूड सारलं. "त्या वट्यावर आता मी पाय ठेवायची न्हाई."

जरा अक्कल असलेला नवरा गप बसला असता, न्हाईतर काकीला जाऊन दोन शब्द बोलला असता. म्या छाती फुगवली. म्हणलं, "दिवाळीच्या आत आपल्या घरात टीव्ही येतोय. तू पाटावर बसून बघशील. सूप न्हाई, खडं न्हाई."

दुसऱ्या दिवशी तिनं भिंतीकडची एक जागा रिकामी केली. कणगी सरकवली, जमीन सारवली, तितं काय ठेवायची न्हाई. ती मोकळी जागा दिसली की मी नजर चुकवून बाहीर पडायचो. खरं मानणाऱ्या बायकूसारखी अडचण न्हाई.

कंपनीचा टीव्ही घ्यायची आपली ऐपत नव्हती. एक गोऱ्हा इकून जे आलं, त्यात बसवायचं व्हतं. पौडच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणारे एक चाचा व्हते. शुक्रवारी दुपारी दुकान बंद करून नमाजाला जायचे, बाकीचे दिवस सगळ्या तालुक्याचे मुके रेडिओ त्यांच्या फळीवर. ते म्हणले, "पाव्हणं, पुण्यात सुटं सामान मिळतंय. तुमी आणा, मी जोडून देतो. पर एकाला एक जुळणारं पायजे. ही चिठ्ठी घ्या, दुकानात दाखवा. आपल्या मनानं कायबी उचलायचं न्हाई."

"चाचा, जोड जमवायचं मला सांगताय व्हय?"

"हा बैल न्हाई पाव्हणं."

"तुमी द्या तर चिठ्ठी."

चिठ्ठी घेतली, टोपीच्या घडीत खोचली आन पुण्यात एकदा बी बाहीर काढली न्हाई. एक तर ती मला वाचता येत नव्हती. दुसरं म्हंजे बाजारात कागद घेऊन येणाऱ्याला काय समजतात, ते मला ठावं व्हतं. तसली गिऱ्हाइकं म्या सोता कापली व्हती.

पयल्या खेपंला म्या खोकं आणलं. टीव्ही ज्यात बसतो ते लाकडी खोकं. का, तर सगळ्या सामानात तेच देखणं व्हतं. चार पाय, चकचकीत पॉलिश, म्होरं दोन्ही बाजूंना सरकणारं शटर, आन शटरला कुलूप. बैल घ्यायच्या आदी झूल घेणारा येडा उभ्या जन्मात म्या दुसरा बघितला न्हाई.

दुसऱ्या खेपंला जुन्या बाजारात गेलो आन मोठी काचेची पिक्चर ट्यूब पसंत केली. खोक्याच्या तोंडात बसंल अशी. टिचकी मारून वाजवली. पाठीवरनं हात फिरवला. मागं जाऊन वाकून बघितलं, कशासाठी ते मला बी ठावं न्हाई. मंग खांद्यावरचा टावेल काढून इकणाऱ्याच्या हातावर टाकला आन खाली त्याची दोन बोटं धरली. त्यानं हात वढला.

"अहो काका, काय करताय? सोडा."

शेजारचा दुकानदार म्हणला, "काकांना चारचौघांत बोलायची लाज वाटत असेल. पडद्याआड घेऊन जा."

सगळी रांग हसली. मी बी हसलो, आपण काय कमी न्हाई दाखवायला. हसता हसता तो म्हणंल तो भाव देऊन आलो.

ट्यूब गोधडीत गुंडाळली आन एष्टीत मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर म्हणला, "आजारी हाय का कोण?"

"टीव्हीची काच हाय."

"मंग तोंड तरी उगडं ठेवा, जीव गुदमरंल तिचा."

झालं, मला तेवढंच पायजे व्हतं. टीव्ही केवढा, शटर कसं, कुलूप कसं, सगळं सांगितलं. पिरंगुटपतुर अर्ध्या गाडीला कळलं, पौडपतुर सगळ्या गाडीला, आन मी घरी पोचायच्या आदी कोळवणला कळलं व्हतं.

तिसऱ्या खेपंला राह्यला टीव्हीचा जीव. म्हंजे तारांची, बारक्या नळकांड्यांची ती प्लेट, तिच्यासंगं स्पीकर, आन ट्यूबच्या मानेवर चढवायची तांब्याच्या तारेची कॉइल. त्या दुकानात चष्मेवाला माणूस व्हता. बोलायला गोड. गोड बोलणारा इकणारा म्हंजे चोर, हे मला पक्कं ठावं.

"ट्यूब किती इंची आहे आपल्याकडे?"

मी सावध झालो. हा माजी दावण बघतोय. म्हणलं, "हाय आपली साधारण."

"मोठी की लहान, पोर्टेबलची?"

"तुमी तुमचा माल दाखवा की."

"अहो, त्यावरच तर सगळं ठरतं. निदान मान जाड आहे का बारीक, तेवढं सांगा."

"मानेचं नंतर बघू. ह्या प्लेटीचा भाव काय?"

त्यानं चष्मा काढून पुसला. म्हणला, "ही स्वस्त आहे. पण बसली नाही तर मला दोष देऊ नका."

त्या बिचाऱ्यानं तीन तीनदा मला वाचवायचा प्रयत्न केला, आन तिन्ही येळा म्या त्याला हाणून पाडला. बाहीर आल्यावर मी एवढा खूष, की चहा पिलो, वर भजी खाल्ली. पुण्याच्या माणसाला फसवलं.

चाचा बघायला आले तो बुधवार. सारवलेल्या जागी सगळं मांडलं. चाचांनी ट्यूब बघितली, कॉइल बघितली, माज्याकडं बघितलं.

"चिठ्ठी दाखवली व्हती?"

"दाखवली की."

बायकू आत गेली आन चिठ्ठी घेऊन आली. "ही? टोपी धुवायला काढली तवा सापडली. घडी बी मोडल्याली न्हाई."

चाचांनी ती खिशात ठेवली. मंग मला लेकराला सांगावं तसं सांगितलं, "ही ट्यूब मोठ्या टीव्हीची. आत हवा शिरली तर मरती, मानेला जपा. प्लेट आन कॉइल लहान टीव्हीची. मान जाड, कॉइलचं भोक बारीक. चढणार न्हाई. चढली तरी त्या प्लेटीत एवढं बळ न्हाई, मधे हातरुमालाएवढं चित्र दिसंल. पर बिघडलं कायच न्हाई. दुकानदार माज्या ओळखीचा हाय. शनवारी सकाळी संगं जाऊ, प्लेट आन कॉइल बदलून घेऊ."

"आन शनवारी संध्याकाळी?" बायकूनं ईचारलं.

"ह्या शनवारी न्हाई वैनी. म्होरल्या शनवारी नक्की दिसंल."

आता ह्यात काय वंगाळ व्हतं? कायबी न्हाई. फकस्त त्या चष्मेवाल्याच्या म्होरं उबं राहून 'माजी ट्यूब मोठी हाय' एवढं म्हणायचं व्हतं. तेवढंच माज्याच्यानं व्हईना. चाचा गेले तशी म्या कानस काढली. बैलाची शिंगं जुळली न्हाईत तर आमी काय बैल परत करतो? शिंगं साळून सारखी करतो. कॉइलच्या आतलं प्लास्टिक घासाया बसलो.

"चाचा येनार हायेत ना शनवारी?" बायकू म्हणली.

"तू गोधडी धर."

"आवं, नगा करू. आठ दिसानं काय मरत न्हाई मी."

"धर म्हणतो ना."

तिनं ट्यूब गोधडीत धरली. म्या कॉइल मानेवर चढवली. अर्दी गेली. अर्दी गेल्यावर माणसानं थांबावं, पर अर्ध्यावर थांबणारा मी असतो तर दुसरी तरी पास झालो असतो. जोर लावला. मानेपाशी कट्ट वाजलं. मंग ट्यूबमदनं फुस्स असा लांब आवाज आला, आन थांबला.

"काय झालं?"

"हवा शिरली आत."

"मंग?"

"मंग काय न्हाई. मेली."

तिनं गोधडी तशीच खाली ठेवली, काच बोचायला नको अशी जपून. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. उठून भाकरी करायला गेली.

शनवारी चाचा आले. त्यांनी ती मान बघितली, चहा पिले आन म्हणले, "आवाज तरी काढून देऊ?" दुसरी ट्यूब घ्यायला आता गोऱ्हा बी नव्हता. त्यांनी ट्यूबकडं जाणाऱ्या धोक्याच्या तारा तोडल्या, मी कौलावर चढून सिंहगडाकडं तोंड करून अँटिनाचा बांबू उबा केला, आन संध्याकाळी खोक्यातनं बाई बोलाया लागली. शटर लावून घेतलं, कुलूप बी घातलं. आत दाखवायला काय नव्हतंच.

बायकू पाटावर बसली. एष्टीतल्या माज्या भाषणामुळं तीन बाया बी आल्या. एक म्हणली, "उगडा की शटर दाजी, बाई कोंडलीया आत."

"उगडायचं न्हाई," बायकू म्हणली. "ऐका."

थोडा येळ ऐकलं त्यांनी. मंग दुसरी म्हणली, "अगं, ह्यो रेडिओच हाय. फकस्त ह्याला पाय हायेत." तिगी हसत उठल्या आन काकीच्या वट्याकडं गेल्या.

बायकू शेवटपतुर बसली. खोक्यात कोणतरी रडलं की ती ईचारायची, "ही कोण रडती?" मी म्हणायचो, "मला काय ठावं." गाणं लागलं तवा तिनं शटरकडं नजर लावली, जसं काय फटीतनं दिसंल.

म्होरल्या शनवारी तिनं वेणी घातली आन म्हणली, "मी जाते तिकडं."

"त्या वट्यावर?"

"पाय ठेवायची न्हाई म्हणले व्हते. पर मला बघायचंय."

एवढं साधं बोलली. गेले दोन महिने मी जे काय केलं, त्यात एकदा बी असं साधं बोललो नव्हतो. म्हणलं, "मी बी येतो."

वट्यावर आमी बसलो. काकीनं आज तांदूळ न्हाई, वालाच्या शेंगा आणल्या व्हत्या. बायकूच्या म्होरं सूप ठेवलं. म्या हात घालून ते माज्या मांडीवर घेतलं.

"आरं, हे काय? बायांचं काम," काकी म्हणली.

"काकी, फुकट बघायचं न्हाई असं तुमीच म्हणला. तिच्या वाटणीचं मी करतो."

"आन तू बघनार न्हाईस?"

"मला टीव्हीचा कटाळा आलाय. घरी हाय की आमच्या."

आतनं गडी माणसं हसली. एक म्हणला, "बायकू सिनेमा बघती आन दलाल शेंगा सोलतोय." दुसरा म्हणला, "टावेलाखाली सोल, म्हंजे दिसायचं न्हाई." म्या मान डोलवली आन सोलत राह्यलो. काकीनं सूप काढून घ्यायला हात म्होरं केला, म्या दिलं न्हाई. मंग जरा वरमून तिनं बाकीच्या बायांच्या म्होरं काय ठेवलं न्हाई. मला दया वगैरे काय वाटली न्हाई तिची. ज्या बाईला फुकट टीव्ही दाखवायचा जिवावर येतो, तिला फुकट गंमत बी दाखवू नये, पर ती मात्र तिनं त्या दिवशी पोटभर बघितली.

मी टीव्हीकडं पाठ करून बसलो व्हतो. माज्या म्होरं बायकूचं तोंड. पडद्यावरचा उजेड त्याच्यावर हलत व्हता. गाणं लागलं. ती माज्याकडं बघत नव्हती, सुपाकडं बघत नव्हती, मान ताठ करून सरळ बघत व्हती, आन एका जागी आपल्याआप हसली. काय दिसलं ते मला अजून ठावं न्हाई.

शेंगांचं म्हणाल, तर निम्मे वाल किडके निघाले, ते बी म्या चांगल्यात टाकले. दुसऱ्या दिवशी काकीच्या तोंडनं सगळ्या आळीला कळलं.