चमच्याचा कोन

माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणी घरात सगळे 'चौकशी' म्हणत. दार उघडताना बिजागरी किती वळते, घड्याळाचा काटा उलटा फिरवला तर आत काय होतं, असले प्रश्न ती विचारायची आणि उत्तर मिळेपर्यंत पिच्छा सोडायची नाही. पुढे तिनं एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली. पलीकडच्या माणसाच्या नुसत्या 'हॅलो'वरून तो रडून आलाय की भांडून, हे तिला कळायचं. निवृत्त झाल्यावर कुणी बागकाम घेतं, कुणी विणकाम. आमच्या चौकशीनं रोबो करायला घेतले.

मी कापडाच्या दुकानात आयुष्य काढलं. मला मीटरपट्टी कळते, कोन कळत नाही. तेव्हा पुढे सांगण्यात काही चुकलं तर ते माझं, तिचं नव्हे.

तिचा पहिला रोबो म्हणजे भिंतीला धडकून मागे सरकणारं एक गाडं. दुसरा झाडांना पाणी घालायचा. झाडं सोडून सतरंजीला घालायचा. मेहुणे तेव्हा पोट धरून हसायचे. त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ उघडण्याआधी ते त्याला कान लावून ऐकायचे, डॉक्टरनं छातीला लावावा तसा. मग त्यांचे हात थरथरू लागले. दुकान बंद झालं. तेही त्यांनी सोसलं. पण एकदा पाहुण्यांसमोर चमचा हलला आणि सूप शर्टावर सांडलं. कुणी काही बोललं नाही. तेच त्यांना लागलं. त्यानंतर ते आतल्या खोलीत दार लावून एकटे जेवू लागले. बहीण ताट आत ठेवायची आणि थोड्या वेळानं निम्मं भरलेलं परत आणायची. मेहुण्यांची गालफडं बसली. डॉक्टर म्हणाले, असं चालणार नाही.

"मी भरवते," ती म्हणाली.

"मी काय तान्हा आहे?"

"बरं, माणसाच्या हातची लाज वाटते ना? मग यंत्राच्या हातून जेवा. यंत्राला डोळे नसतात."

मग बंद दारामागून आवाज आला, "आधी दादांना भरव. एक वाटी सूप, एकही थेंब न सांडता. जमलं तर मी बाहेर येऊन टेबलाशी जेवायला बसेन."

दादा म्हणजे मी. मला कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारची माझी हजेरी लागली. टेबलावर ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा हात उभा राहिला. त्याला खांदा होता, कोपर होतं, मनगट होतं, आणि मनगटाला चमचा. प्रत्येक सांध्यात छोटी मोटार.

"मोटार फिरते, पण किती फिरली ते तिला कळत नाही," बहिणीनं मला समजावलं. "दादा, डोळे मीट आणि बोट नाकाला लाव."

मी लावलं.

"बघ, दिसलं नाही तरी लागलं. आपला हात किती वळलाय हे आपल्याला आतून कळतं. याला ते शिकवायचंय. हात वर जाईल तेवढं मनगट उलटं वळलं पाहिजे, तरच चमचा आडवा राहील."

सत्तरी उलटली माझी, पण आपल्याला असं काही येतं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. घरी जाऊन मी पुन्हा डोळे मिटून नाकाला बोट लावलं. बायकोनं विचारलं, "काय झालं, माशी बसली का?"

कोन कळण्यासाठी बहिणीनं युक्ती केली होती. मेहुण्यांच्या जुन्या डब्यांतून तिनं रेडिओची बटणं काढली, आवाज लहानमोठा करायला पिळतो तसली. एकेका सांध्याच्या दांड्याला एकेक बटण जोडलं. सांधा वळला की बटण वळतं, बटणातून जाणारी वीज कमीजास्त होते, आणि संगणकाच्या पडद्यावर आकडा दिसतो. एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला हजाराच्या आसपास. मधल्या आकड्यांवरून कोनाचा हिशेब. रेडिओच्या बटणाला स्वतः किती वळलोय हे सांगता येतं, ही गोष्ट मला त्या दिवशी कळली.

"तोंड उघड, दादा."

मी आ केला. हात वाटीत वाकला, चमचा भरून निघाला, आणि अर्ध्या वाटेवर मनगटानं अशी काही गिरकी घेतली की सूप माझ्या मांडीवर. रिकामा चमचा मात्र तोंडापाशी अगदी आडवा, शहाण्यासारखा येऊन थांबला.

"सांडलं ना?" दारामागून मेहुणे.

"तुम्ही गप्प बसा!"

रोज तेच. वाटीपाशी बरोबर, तोंडापाशी बरोबर, मधेच काय भूत शिरायचं कोण जाणे. मी आधी रुमाल, मग टॉवेल, शेवटी मांडीवर मेणकापड घेऊन बसू लागलो. खांदा आणि कोपर नीट वागत होते. खोट मनगटात होती.

तिनं मनगटाचं बटण काढलं, त्यामागे शाळेतला कोनमापक चिकटवला आणि दहा-दहा अंशांनी वळवत आकडे बघितले. आकडे आधी मुंगीच्या पावलांनी चालले आणि अर्ध्याच्या पुढे गेल्यावर उड्या मारू लागले. बटण निम्मं वळलं तरी आकडा हजारात शे-सव्वाशेच.

"खराब झालंय," मी म्हणालो.

तिनं दुसऱ्याच रेडिओचं आवाजाचं बटण जोडलं. त्याचीही तीच चाल. मला वाटलं आता कपाळावर हात मारेल. ती खुर्चीत टेकून बसली आणि म्हणाली, "दोन अनोळखी माणसं एकच खोटं सांगत असतील, तर दादा, ते खोटं नसतं."

उठून तिनं फळीवरचा रेडिओ लावला. कुणीतरी बातम्या वाचत होतं. ती डोळे मिटून बटण हळूहळू पिळत गेली, पुन्हा मागे आली. आवाज अगदी सारखा, पायरी-पायरीनं वाढत होता. कुठेही उडी नाही.

"अगं, काय चाललंय?" आतून मेहुणे ओरडले. "एकतर लाव नाहीतर बंद कर!"

"अहो, बटण निम्म्यावर आणलं की आवाज निम्मा वाटतो ना?"

"वाटणारच. त्यासाठीच केलंय ते."

"पण आकडा निम्मा नाही येत! शंभराच्या थोडा वर येतो."

मग कडी वाजली आणि मेहुणे दारात उभे राहिले. पाठीमागे हात बांधलेले. कित्येक दिवसांनी मी त्यांना पूर्ण उभं पाहत होतो.

"तू आवाजाचं बटण मनगटाला लावलंस?" त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटत होतं. "अगं वेडे, ते कानासाठी बनवलेलं असतं! टाचणी पडलेली ऐकू यावी आणि ढग गडगडले तरी कान फुटू नये, हे दोन्ही एकाच कानाला जमवायचं. म्हणून कान मोठ्या आवाजाला मुद्दामच कमी भाव देतो. आवाज दुप्पट वाटायला आत दसपट वीज द्यावी लागते. बटण करणाऱ्यानं कानाचा हा स्वभाव बटणात भरलाय. बाहेर सरळ वाटावं म्हणून आत वाकडं."

आम्ही दोघं त्या नखाएवढ्या वस्तूकडे बघत राहिलो. कुणा माणसानं कधीतरी आपला कान मोजला, आणि तो मोजलेला कान घरोघरच्या रेडिओंत बसवला. आम्ही सगळे जन्मभर तो पिळत आलो आणि आम्हाला पत्ताही नाही. आणि तोच कान माझ्या मांडीवर सूप ओतत होता!

"निळ्या डब्यात बघ," मेहुणे म्हणाले. "डावा-उजवा आवाज सारखा करायची बटणं आहेत. ती सरळ असतात. खांद्याला आणि कोपराला तीच लागली असणार, म्हणून ते शहाणे."

बहिणीनं निळ्या डब्यातलं एक बटण तारांना जोडलं. पडद्यावर आता तिनं थेट अंशच दिसतील असं केलं होतं.

"दे इकडे. घासत असेल तर बोटाला कळेल." सवयीनं त्यांचा हात पुढे आला. बटण धरलं मात्र, आणि पडद्यावरचा आकडा नाचू लागला. नव्वद, पंच्याण्णव, नव्वद, पंच्याण्णव.

मी मान दुसरीकडे वळवली. मला वाटलं, आता बटण टाकतील आणि आत जाऊन कडी लावतील.

"हे मी आहे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"म्हणजे किती?"

"पाच अंश."

"पाचच? नीट बघ."

तिनं कोनमापक त्यांच्यापुढे धरला आणि नखानं दाखवलं. दोन बारीक रेघांमधली ती फट. तीत माचिसच्या दोन काड्या शेजारीशेजारी जेमतेम बसल्या असत्या. मेहुणे वाकून बघत होते, जसे पूर्वी रेडिओत बघायचे.

"मला वाटायचं," ते हळूच म्हणाले, "सगळ्या जगाला माझा हातच उडताना दिसतो."

मी कोनमापक शाळेत वापरलाय. त्यानं त्रिकोण मोजलेत आणि विसरलोय. एका माणसाला आतल्या खोलीत कोंडून घालणारी गोष्टही त्यानं मोजता येते, आणि मोजल्यावर ती एवढीशी निघते, हे पाहताना माझ्या अंगावर काटा आला. आता लिहितानाही येतो.

दुसऱ्या दिवशी परीक्षा झाली. मेहुणे परीक्षक म्हणून समोर, हातांची छातीशी घडी घालून. मी मेणकापड आणलं होतं; बहिणीनं ते काढून घेतलं. "विश्वास ठेव."

हात वाकला, भरला, निघाला. कोपर वर येत होतं आणि मनगट तेवढंच मागे वळत होतं. चमच्यातलं सूप हललंसुद्धा नाही. अर्धी वाट आली. मी डोळे मिटले. ओठांना चमचा लागला तेव्हा उघडले. असा एकेक चमचा करत वाटी संपत आली. शेवटच्या घासाला माझं मन भरून आलं की काय कोण जाणे, ओठ नीट मिटले नाहीत, आणि एक थेंब हनुवटीवरून टेबलावर पडला.

बहिणीचा चेहरा उतरला. पैज म्हणजे पैज. मेहुणे शब्दाचे किती कडक ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

मेहुण्यांनी पुढे वाकून थेंब निरखला. मग माझ्याकडे बघितलं.

"हा यंत्राचा नाही," ते म्हणाले. "दादांच्या मिशीचा आहे."

त्यांनी मला उठवलं, माझ्या खुर्चीत बसले आणि यंत्राचा हात बोटानं अलगद बाजूला सारला.

"याला उद्या बघू. आधी साधा चमचा दे. आणि दादा, ते मेणकापड आणा इकडे. पाच अंश म्हणजे थोडं सांडणारच."