बरण्यांतले समुद्र

बहारीनला गेलो तेव्हा मला बरण्या धुवायचं काम मिळालं. समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करणारी एक लहानशी प्रयोगशाळा होती, तिथे. घरी मात्र ‘लॅबमध्ये आहे’ एवढंच कळवलं आणि आईने ते वाडीभर केलं. पुढे तिथल्या मुख्य डॉक्टरसाहेबांनी मला खरोखरच भिंगाशी बसवलं, म्हणून खोटा तरी पडलो नाही.

काम क्रिलचं. दिसायला आमच्या जवळ्यासारखाच बारीक जीव, जात मात्र वेगळी. साहेब कलकत्त्याचे. त्यांच्याकडे देशोदेशीच्या समुद्रांतून बरण्या यायच्या. आखातातला माल आम्हीच अरादच्या किनाऱ्यावरून होडी काढून बारीक जाळ्याने आणायचो. मी चिमट्याने माद्या निवडायच्या, अंडी असलेल्या एकीकडे, रिकाम्या दुसरीकडे. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरायचे. अंगाला वास येतो म्हणून नईम मोहल्ल्यातल्या आमच्या खोलीवरचे सोबती मला दाराशी झोपवायचे. जवळ्यावर वाढलेली माणसं, आणि नखरे हे!

लग्न पहिल्या रजेत झालं. बायकोला आणण्याइतकी माझी नोकरी मोठी नव्हती. दोन वर्षांनी सव्वा महिना रजा मिळायची, तीही साहेब जाऊ देतील तेव्हा. त्या सव्वा महिन्यात घरात सेंट आणि घड्याळं मागणाऱ्यांची रीघ. आम्हा दोघांना धड बोलायचं तर विहिरीवर जावं लागे. ती पाणी शेंदायची आणि मी उगाच कळशी धरून उभा राहायचो. तिला मी बहारीनच्या गमती सांगायचो, ती हसायची. तेवढाच आमचा संसार.

तीन रजा झाल्या, मूल झालं नाही. वाडीने तिला वांझ ठरवलं. उपास, अंगारे, नवस सगळं तिच्याच वाट्याला. मला कुणी काही विचारलं नाही. पेटी भरून आणणाऱ्याला कोण विचारतो?

मग आईचं पत्र आलं, गुरुजींच्या अक्षरात. पंच बोलवायचे म्हणतात, काडीमोड करून दुसरी बघू, तुझं काय ते कळव. आमच्यात पंचांसमोर गवताची काडी मोडली की लग्न मोडलं. नवरा परदेशी असला तर त्याचं पत्र चालायचं.

ते पत्र खिशात घेऊन मी भिंगाशी बसलो. समोर दक्षिणेकडच्या बर्फाळ समुद्रातली बरणी. एकामागून एक मादी रिकामी निघत होती. माझं टाळकं आधीच फिरलेलं. म्हटलं, “साहब, ये सब बांझ हैं.”

साहेबांनी चष्मा काढला. “बांझ? अरे, मौसम नहीं था, खाना नहीं था. फीमेल में कोई खराबी नहीं है. पहले पानी देखो.”

मग त्यांनी फळीवरच्या बरण्या एकेक करून पुढे ठेवल्या. बर्फाकडच्या क्रिलला उन्हाळ्याचे दोन-तीन महिनेच मिळतात. त्यातही खाणं कमी पडलं त्या वर्षी कितीतरी माद्या अंडी घालतच नाहीत. उबदार समुद्रातल्या थोडी थोडी घालतात, पण जवळजवळ वर्षभर. उत्तरेकडची एक जात तर थंड पाण्यात उन्हाळ्याची वाट बघते आणि तीच जात भूमध्य समुद्रात हिवाळा सरता सरता अंडी घालते. जीव तोच, पाणी वेगळं. मी ऐकत होतो आणि खिशातलं पत्र मला टोचत होतं. दोन वर्षांतून सव्वा महिना, तोही माणसांनी भरलेल्या घरात. यात तिचा दोष कुठला?

हे सगळं मला त्या सकाळी लख्ख कळलं. आणि त्याच दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी आईला लिहिलं, ‘तुम्ही मोठी माणसं ठरवाल ते मला मान्य.’ आईला उलट लिहायची छाती नव्हती. शिवाय बायकोत दोष नाही म्हणायचं, तर मग कुणात आहे, हे विचारलं गेलं असतं. मी भ्यालो.

काडी मोडली. मी दुसरी केली नाही. आई शेवटपर्यंत त्यावरून बोलत राहिली.

पुढची रजा चार वर्षांनी मिळाली, तेव्हा एसटी स्टँडवर ती दिसली. तिचा दुसरेपणाचा पाट लागला होता पलीकडच्या गावात. कडेवर वर्षाची मुलगी, हातात पिशवी. मला बघून तिने तोंड फिरवलं नाही. त्यानेच माझा धीर सुटला. इतकी वर्षं साठवलेलं मी एका दमात बोलून टाकलं, “तुझ्यात काही दोष नव्हता.”

“ता मला म्हायत होतां,” ती म्हणाली. मुलीला तिने दुसऱ्या कडेवर घेतलं. “तुम्हाला कधी कळलां?”

गाडी लागेपर्यंत ती माझ्याकडे बघत उभी होती. पत्र लिहिलं त्याच सकाळी, हे मी तिला सांगितलं नाही.