आजाला हसवायचं नाही

"डाव्या डोळ्यातलं कॅटरॅक्ट मॅच्युअर आहे. म्हणजे मोतीबिंदू पूर्ण पिकलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उजव्याने तर जेमतेम उजेड-अंधार कळतोय. बाबा, तुम्ही एकटे शेतावर जाता कसे?"

"पायांनी," आजा म्हणाला.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी अकरावीत होते. घरात शिकलेली तेवढी मीच, म्हणून आजोबांबरोबर मला पाठवलं होतं. ऑपरेशन करावं लागेल म्हटल्यावर आजा म्हणाला, "पिकलाय ना? मंग कापा की." आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसत सुटला. आजा हसायला लागला की खांद्यांपासून पोटापर्यंत सगळं हलायचं, मग ठसका लागायचा, मग डोळे पुसून तो पुन्हा पहिल्यापासून हसायचा.

गोष्ट ऐंशीच्या आसपासची. आमचं गाव बोनकोडे. तेव्हा गावाला खेटून थेट खाडीपर्यंत भातशेती होती. नव्या शहरासाठी जमीन कागदावर गेली होती, पण मातीचा भराव पडला नव्हता, म्हणून आजा पेरतच होता. खाऱ्या जमिनीत येणारं तांबडं भात, त्याला आम्ही राता म्हणतो. दिवस उजाडला की आजा बांधावर. घरात तो फक्त जेवायला आणि नातवंडांना छळायला यायचा.

त्याला दिसत नाही हे आम्हाला वर्षभर कळलं नाही, याची मला अजून लाज वाटते. बांध न् बांध त्याच्या पायांना पाठ होता. एक दिवस मी भाकरी घेऊन गेले, तर आजा कुणाला तरी झापत होता. "पांडू, कवापासून उभा हायस? उतर खाली, बांध खचंल." पांडूकाका म्हणजे आमचा शेजारी, गावाचा विदूषक. पण समोर पांडूकाका नव्हता. मोजणीवाल्यांनी रोवलेला सिमेंटचा खांब होता. आधी मी पोट धरून हसले. मग आजाच्या डोळ्यांपुढे बोटं धरली आणि किती ते विचारलं.

दवाखान्यातून परत येताना आजा शेताच्या बांधावर थांबला. मग म्हणाला, "बाय, पुढच्या वर्षी हितं माती पडनार. त्याच्या आधी एकदा राता उभा बघायचाय. डोळ्यांनी. मंग माती पडली तर पडली."

गणपती झाल्यावर वाशीच्या इस्पितळात डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्याच्या बाजूला सुई देऊन तेवढाच भाग बधिर केला, बाकी आजा जागाच. आतला पिकलेला मणी अख्खा काढला आणि केसाएवढ्या बारीक धाग्याने टाके घातले. मग दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या आणि सात दिवस उताणं पडून राहायचं. हल्ली सकाळी जाऊन दुपारी घरी येतात. गेल्या महिन्यात माझंही झालं, तासाभरात मोकळी. तेव्हा तसं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "खोकायचं नाही, शिंकायचं नाही, कुंथायचं नाही, हसायचं नाही. जोर आला तर आयरिस प्रोलॅप्स होतो. म्हणजे डोळ्यातला रंगीत पडदा टाक्यांच्या फटीतून बाहेर सरकतो. मग डोळा वाचवणं कठीण."

पहिल्या तीन गोष्टी मी सांभाळल्या असत्या. चौथीचं काय करायचं? आमच्याकडे माणूस आजारी पडला की अख्खी आळी भेटायला जाते. रिकाम्या हाताने नाही, आणि मुकाट्याने तर मुळीच नाही. आजाऱ्याला हसवूनच परत यायचं ही रीत. खांबाची गोष्ट तोवर गावभर झालेली. दुसऱ्याच दिवशी पांडूकाका आला आणि कानाशी वाकून म्हणाला, "दादूस, तो खांब इचारीत होता तुला." आजाचे खांदे हलायला लागले. मी पांडूकाकाचं मनगट धरून त्याला सरळ जिन्यापर्यंत नेला.

त्या संध्याकाळी माझ्या बाबांना आजाजवळ बसवून मी गावात आले आणि आमच्या अंगणात सगळ्यांना गोळा केलं. "जो आजाला हसवेल, त्यानेच त्याचा डोळा फोडला असं मी धरीन," म्हटलं. सोळा वर्षांची पोर, पण आवाज बघायचा माझा. मोठमोठ्या मिशावाल्यांनी माना खाली घातल्या. आजीने तर कानाला हात लावला.

चौथ्या दिवशी चौदा जण आले. खाटेभोवती उभे राहिले आणि उभेच राहिले. पांडूकाका भिंतीवरचं घड्याळ बघत होता. आजीने हसू फुटू नये म्हणून पदराचा बोळा तोंडात धरला होता. एका काकूला पडसं झालेलं, ती तेवढी नाक ओढत होती.

"कोन कोन आयलाय?" आजाने विचारलं.

मी नावं घेतली, आजी घरचीच म्हणून तिचं तेवढं राहिलं. कुणी हूं की चूं केलं नाही. मला वाटलं, वा, काय शिस्त लावली मी.

पण आजाचे डोळे बांधलेले. बोनकोड्याची चौदा माणसं एका खोलीत, आणि सगळी गप्प. त्यात कुणीतरी नाक ओढतंय. हे त्याने आयुष्यात एकाच प्रसंगी ऐकलं होतं. हसवायचं नाही, हे मी सगळ्यांना दम देऊन सांगितलं होतं. ज्याला सांगायचं त्यालाच सांगितलं नव्हतं.

"म्हातारी कुठं हाय माझी?" त्याचा आवाज चिरकला. आजी तोंडातला बोळा काढेपर्यंत तो ताडकन उठून बसला. वाळूची एक पिशवी खाली पडून फुटली. "कोन मेला? सांगा ना रं मना."

आजीने धावत जाऊन त्याचा हात धरला. "कोनी नाय मेला. मी हाय ना हितं. तुमचे नातीनं आमची तोंडं बंद केल्यान."

आजाने तिचा हात चाचपला. आणि मग हसला. खांद्यांपासून पोटापर्यंत. चौदाच्या चौदा माणसं खो खो हसली, दोन दिवस कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. मी एकटी भोकाड पसरून रडत होते. डोळा गेला, आणि तो मी घालवला.

नर्स धावत आली, मग डॉक्टरीणबाई. पट्टी सोडली, बॅटरीचा झोत टाकला. मी दाराला धरून उभी. बाई कितीतरी वेळ वाकून बघत होत्या.

"पडदा जागेवर आहे. टाके शाबूत," त्या म्हणाल्या. आजाला आडवा केला आणि मोर्चा माझ्याकडे वळवला. "ज्याचे डोळे बांधलेत त्याला सगळं सांगायचं. खोलीत कोण आलं, का गप्प आहेत, सगळं." तुमच्या घरात कुणी असं पडून असेल, तर माझ्याकडून एवढंच घ्या. पेशंटला अंधारात ठेवू नका.

दीड महिन्याने चष्मा मिळाला, बाटलीच्या बुडासारखा जाड. शेत कापणीला आलं होतं, पण आजासाठी चार दिवस विळा लावला नव्हता. तो बांधावर उभा राहिला. पिवळ्या पडलेल्या शेतात तांबडी लोंबी वाऱ्यावर हलत होती, पलीकडे खाडी चमकत होती. जाड भिंगांतून सगळं मोठं दिसायचं. "राता एवढा कवा झाला गो?" म्हणाला आणि किती वेळ नुसता बघत राहिला. मला इतका आनंद मग लग्नातही झाला नाही, खरं सांगते. शेवटी तो खांबापाशी गेला, त्याला हात लावला आणि म्हणाला, "पांडू, बारीक झालास रं." आणि ठसका लागेपर्यंत हसला. आता परवानगी होती.

माती पडली, पण पुढच्या नाही, त्याच्याही पुढच्या वर्षी. आजा त्यानंतर सहा वर्षं जगला. रोज चष्मा लावून नव्या रस्त्यांवरून फिरायचा आणि आपला बांध कुठून जात होता ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. इस्पितळातली गोष्ट निघाली की मला म्हणायचा, "मी मेलो ना बाय, तर तसं गप नका बसू. मना वाटंल कोनी मेला."

तो गेला तेव्हा त्याला ओटीवर ठेवला होता. अख्खं गाव जमलं, आणि सगळे गप्प. मला ते सहन होईना. तेव्हा पांडूकाका काठी टेकत पुढे आला, आजाच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "दादूस, तो खांब इचारीत होता तुला."

पहिली हसली ती आजी.