टेबल हातभर अलीकडे

आश्विन सरत आला होता. पहाटे अंगावर शिरशिरी यायची आणि दहाच्या सुमाराला जळगावच्या एमआयडीसीतले पत्रे तापायचे. धरणगावहून पहिल्या एसटीने आलेला भाईदास रोबोटच्या लोखंडी हातावरची धूळ पुसत होता.

अर्धं आयुष्य त्याने हाताने वेल्डिंग केलं. आता डोळ्यांतून पाणी गळे. डॉक्टरांनी ठिणगीसमोर बसायला साफ मनाई केलेली. म्हणून कारखान्याच्या शेठनी वेल्डिंगचा जुना रोबोट विकत आणला, तेव्हा तो चालवायला भाईदासच शिकून आला. रोबोट चालला तर इथलं काम टिकणार, नाही तर पुन्हा तीच ठिणगी. आज दुपारी शेठ बघायला येणार होते.

रोबोटसमोरच्या टेबलावर ठेवलेल्या ट्रॉलीच्या चौकटीचा लांब सांधा जोडायचा होता. भाईदासने बटणांनी रोबोटचा हात एका टोकाला नेला, जागा नोंदवली. मग दुसऱ्या टोकाची. हात दोन्ही टोकं गाठी, पण मधे कमान काढून बाहेरून जाई. मग त्याने सरळ रेषेची आज्ञा घातली. हात सांध्यावरून नीट निघाला आणि टोकाजवळ खटकन थांबला. लाल दिवा लागला.

"तुना पाव्हना रुसना का रे भो?" फोरमन आधारनानांनी विचारलं.

"रुसना नही, नाना. हात पुरा ताणाई जास, मंग सरळ वाट धरता येस नही. टेबल जवळ सरकावनं पडी."

नानांच्या कपाळाला आठी पडली. दसऱ्याला टेबल त्यांनीच मांडलं होतं. पूर्वेला तोंड, पायाशी कुंकवाचं स्वस्तिक, वर नारळ.

"पूजेनी जागा शे ती!"

"तोंड पूर्वेलेच ऱ्हाई. दसराले मांडं तवय मी बी काही बोलनू नही."

"आनि सेठले काय सांगशी?"

"सांगसू, देव जरा सरकी बठना."

नाना हसले नाहीत. स्वस्तिकाला बोट लावून कपाळी नेलं आणि पहार उचलली. दोघांनी बोल्ट सैल केले, टेबल हातभर अलीकडे ओढलं. भाईदासने दोन्ही टोकं नव्याने नोंदवली. हात निघाला, सांध्यावरून सरकत टोकाला पोचला आणि आपणहून वर उचलला गेला.

दुपारी शेठनी रोबोटने जोडलेल्या सांध्यावर नजर फिरवली, नखाने खरवडून पाहिलं. "भाईदास, उद्यापासून हेच बघ," म्हणाले आणि निघून गेले.

"बठ्ठं काम जमनं," नाना म्हणाले. "आते चहा पी."

"मी येस, नाना. तुम्ही व्हा पुढे."

भाईदासने तारेचा ब्रश घेतला आणि टेबलाला चिकटलेले वेल्डिंगचे मणी खरडायला बसला.