चुलीत गेलेलं पुस्तक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरांना नाही, देवापुढं एकटी बसले तेव्हासुद्धा नाही. आज सांगते. पण आधीच बोलून ठेवते — पुस्तकं वाचल्याबद्दल मी माफी मागणार नाही. घरात खोटं बोलून वाचली, लपवून वाचली, आणि परत वेळ आली तर परत तसंच करीन.

माझं सासर गंगाखेडचं. लग्न होऊन आले तेव्हा घरात छापलेला कागद म्हणजे पोथी आणि पंचांग. दर गुरुवारी दुपारी मी प्रवचनाला जाते म्हणून निघायची आणि वाचनालयात जाऊन बसायची. तिथले गुरुजी बायकांना कादंबऱ्यांचंच कपाट दाखवायचे. एकदा मी म्हटलं, गोष्टी नकोत, काहीतरी खरं द्या. त्यांनी मागच्या कपाटातून दगडमातीवरचं एक जुनं पुस्तक काढलं. त्यात होतं, की आपली ही काळी माती म्हणजे एके काळी जमिनीच्या पोटातून उकळत वर आलेल्या रसाचा निवालेला दगड, आणि त्या दगडाची झीज. घरी येताना मी एका शेताच्या बांधावर थांबले आणि नुसती खाली बघत राहिले. आमच्या पिढ्या या मातीत राबल्या आणि ही आगीतून आली, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं?

मग मी कशाला थांबते? समुद्र, आकाश, बर्फात राहणारी माणसं, निजामाच्या अमलातला कारभार — मिळेल ते वाचलं. आणि दुपारी तूर निवडताना ते सगळं धाकट्या जावेला सांगायची. सुमन तिचं नाव. पाथरीकडची. ती हातातलं सूप खाली ठेवून ऐकायची.

सुमनच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. उपास तिला, नवस तिला, अंगारे तिला. दिराला कुणी साधं विचारलंही नव्हतं. म्हणून मी मुद्दाम शोधून तिच्यासाठी एक पुस्तक आणलं. बाईचं आणि पुरुषाचं शरीर कसं असतं, मूल कसं राहतं, का राहत नाही — चित्रांसकट. ती ओळीवर बोट ठेवून वाचायची. पंधरा दिवसांनी म्हणाली,

"अक्का, ह्यात तर लिव्हलंय, दोष गड्यातबी असतो म्हनून."

"असतोच की," मी म्हटलं. आणि पुढं म्हटलं — हे मी विसरले असते तर बरं झालं असतं — "भावजींना म्हण, तुमीबी तपासून घ्या."

तिनं म्हटलं. माझ्या शब्दावर म्हटलं.

सकाळी दीर चुलीपाशी येऊन उभे राहिले. हातात ते पुस्तक, तिच्या गादीखालून काढलेलं. सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी हात पुसले आणि विचारलं, "कोण शिकवायलंय हिला हे? कुणी आणलं हे घरात?"

सुमननं माझ्याकडं बघितलं फक्त. आणि मी म्हटलं, "मला काय म्हाईत, आत्याबाई. माहेरून आणलं असंल तिनं."

दिरांनी पुस्तक उघडलं, नेमकं एक चित्र समोर आलं, त्यांनी ते मिटलं आणि चुलीत घातलं. पहिल्या पानावर वाचनालयाचा शिक्का होता. तो कुणी बघितला नाही. ते पान जळताना मला काय वाटलं, सांगू? बरं वाटलं.

मी कशाला भ्याले? मला दोन मुलगे होते. मला कुणी घराबाहेर काढणार नव्हतं. फार तर गुरुवार बंद झाला असता. तेवढंच — माझा गुरुवार. सुमनला त्याच आठवड्यात माहेरी धाडलं, आणि पुढच्या गुरुवारी मी वाचनालयात होते. गुरुजींना म्हटलं, पुस्तक हरवलं. ते म्हणाले, "हरवू द्या. कुणाच्या तरी हाती लागंल." मी दुसरं पुस्तक घेतलं. घरी येऊन वाचलंसुद्धा, आणि ते मला आवडलं.

सुमनला आणायला कुणी गेलं नाही. दोन वर्षांनी फारकत झाली. दिरांनी दुसरी केली. तिलाही मूल झालं नाही, आणि तिच्या कपाळाला तेच अंगारे लागायला लागले. मी बघत होते. मला सगळं माहीत होतं, तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. घरात अजून म्हणतात, पुस्तकानं घर मोडलं. इतकी वर्षं मी हे ऐकून भाजी चिरत राहिले. आता ऐकणार नाही. पुस्तकात एक अक्षर खोटं नव्हतं. खोटं मी बोलले, आणि दीर स्वतःला तपासायला घाबरले. सासूबाई गेल्या. दीर आहेत, ते हे वाचतील. वाचू देत. विचारायला आले तर तोंडावर सांगीन.

वाचनानं माणूस मोठा होतो म्हणतात. माझी दुनिया मोठी झाली, हे खरं आहे. मी मोठी झाले का? कुठल्या समुद्रात किती खोल पाणी आहे ते मी सांगीन. स्वतःच्या चुलीपुढं चार शब्द बोलता आले नाहीत.

सुमन आता तिच्या माहेरच्या गावी अंगणवाडीत आहे, असं कानावर येतं. सोनपेठवरून गेलं तर दोनेक तासांची वाट. एवढ्या वर्षांत मी तिकडं तीनदा गेले — दोन लग्नं आणि एक दहावा. पाथरीच्या अलीकडं तिच्या गावाचा फाटा लागतो. तिन्ही वेळा एसटी तिथं थांबली. माणसं उतरली, माणसं चढली.

मी उतरले नाही.