दिवेलागणीच्या आधीची गोळी

माझं लग्न झालं नाही. गावी, आळ्याला, दोन भाऊ शेती बघायचे आणि मी जुन्नरच्या बाजारपेठेत एका जैन कापडदुकानदाराच्या माडीवर खोली घेऊन राहायचे. सकाळच्या एसटीने शाळेवर जायचं, संध्याकाळी परत यायचं. पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमाराची गोष्ट. मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते.

त्या वर्षी शाळेत मुलांना तपासायला डॉक्टर आले. मुलं संपली, वेळ उरला, म्हणून त्यांनी आम्हा शिक्षकांचंही ब्लडप्रेशर बघितलं. माझ्या दंडावर पट्टा बांधला, हवा सोडली, पुन्हा भरली.

"बाई, डोकं दुखतं?"

"नाही."

"चक्कर?"

"नाही."

"वरचं एकशे ऐंशी आहे. खालचं एकशे दहा."

मला वाटलं, यंत्र बिघडलं असेल. पण जुन्नरच्या डॉक्टरांकडेही तेच आलं. त्यांनी रोज सकाळी एक गोळी लिहून दिली. म्हणाले, "ही आता कायमची." भावांना मी काही कळवलं नाही. चारेक महिने गोळी नेमाने घेतली. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत आळ्याला गेले. तिथे सगळ्यांसमोर पाकीट काढायची लाज वाटली. एकटीला कसलं आलंय प्रेशर, असं वहिनी म्हणतील असं वाटायचं. गोळी राहिली आणि काहीच झालं नाही. काही झालं नाही म्हणून पुढेही घेतली नाही.

दिवाळीनंतर शाळा भरली. एका सकाळी चौथीच्या वर्गात हजेरी घेत होते. पाच-सहा नावं नीट गेली. पुढचं नाव डोळ्यांना स्वच्छ दिसत होतं, पण तोंडातून भलतंच काहीतरी आलं. मुलं हसली. मी पुन्हा वाचलं, पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा कोणी हसलं नाही.

शेजारच्या वर्गातून हेडमास्तर आले. "बाई, काय व्हतंय? बोला ना," ते म्हणाले. मला सगळं कळत होतं, फक्त बोलता येत नव्हतं. त्यांनी मला मोटारसायकलवर बसवलं, मागे दुसऱ्या बाई मला धरून बसल्या. जुन्नर येईपर्यंत जीभ सुटली. मी म्हटलं, "हजेरी अर्धी राहिली." मागच्या बाई रडायला लागल्या.

डॉक्टर रागावले नाहीत. "गोळी का सोडली?"

"बरं वाटत होतं."

"या दुखण्यात वाईट वाटतच नाही. वाटतं तेव्हा उशीर झालेला असतो. तुम्हाला हा इशारा मिळाला म्हणायचं." मग त्यांनी समजावलं. पहाटे, माणूस जागा व्हायच्या सुमाराला, प्रेशर चढतं. आदल्या सकाळच्या एका गोळीचा जोर तोपर्यंत माझ्या बाबतीत पुरेल असं त्यांना वाटत नव्हतं. आता एक सकाळी, एक रात्री. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "घरी कोण असतं?"

"कोणी नाही."

"मग आठवण कोण करणार?"

त्यांनी सहज विचारलं होतं. पण तो प्रश्न घरापर्यंत माझ्याबरोबर चालत आला. डॉक्टरांनी सांगितलेला माझ्या डोक्याचा फोटो काढायला पुण्याला धाकटा भाऊ बरोबर आला, आणि परतताना मला जुन्नरच्या फाट्यावर उतरवून तसाच पुढे आळ्याला गेला. जुन्नरच्या गाडीत मी एकटीच होते.

खाली दुकानदाराची आई ओट्यावर धान्य निवडत बसायची. साठीच्या पुढची विधवा बाई, मी त्यांना काकी म्हणायचे. पाच वर्षांत आमचं नळाच्या पाण्यापलीकडे बोलणं झालं नव्हतं. त्या संध्याकाळी मी त्यांच्यापाशी बसले आणि म्हटलं, "काकी, मला रोज गोळीचं विचाराल का?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. आत जाऊन एक डबा आणला. त्यात गोळ्यांची पाकिटं होती, एकही गोळी न काढलेली.

"मला पण प्रेशरच्या दोनदा लिवल्यात. सकाळची खाते. ह्या रात्रीच्या कशा खाऊ? माझा चौविहार हाय. दिवस मावळला की पानीसुद्धा नाय घेत मी."

"मुलाला सांगितलं नाही?"

"सांगितलं तर त्यो चौविहार सोडायला लावंल. तुमी बी नका सांगू."

मी सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांना रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी थोडा विचार केला. "मग सूर्य मावळायच्या आधी घ्या. पण रोज घ्या," ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळले, "तुम्हीही तेव्हाच घ्या. दोघी मिळून."

सात वर्षं आम्ही दोघींनी ओट्यावर बसून गोळी घेतली. थंडीत साडेपाचला, उन्हाळ्यात साडेसहाला. काकी फार बोलायच्या नाहीत. कधी राजस्थानातल्या माहेरच्या गावाचं सांगायच्या, चौदाव्या वर्षी सोडलेलं. त्या लग्नाकार्याला परगावी गेल्या की मी एकटीच पेला घेऊन उभी राहायचे, आणि तेवढ्यात गोळी घशाखाली जायची. एरवी त्याला अर्धा तास लागायचा.

मग मुलाने दुकान पुण्याला नेलं. निघायच्या दिवशी काकी म्हणाल्या, "आता कोन विचारंल तुमाला?"

"घड्याळाचा गजर लावीन."

"घड्याळाला काय कळतंय," त्या म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

माझ्याकडे तोवर फोन आला होता. दोन-चार दिवसांनी संध्याकाळी वाजायचा. "घेतली का?" "घेतली. तुम्ही?" "घेतली." एवढंच. दीडेक वर्ष असं चाललं. मग पंधरा दिवस फोन आला नाही, म्हणून मीच केला. नातसुनेने उचलला. "आजी गेल्या. तुम्हाला कळवायचं राहून गेलं." दहा दिवस झाले होते. मी हो, हो म्हणत फोन ठेवला. जुन्या भाडेकरणीला कोण कशाला कळवेल? त्या संध्याकाळी बाहेर दिवे लागले तरी गोळी माझ्या हातात होती. शेवटी घेतली.

पुढे दोन-तीन वर्षांनी मी बॅटरीवर चालणारं प्रेशरचं यंत्र घेतलं. स्वतःच पट्टा गुंडाळायचा आणि बटण दाबायचं. एका रविवारी सकाळी त्यात एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी आलं. इतकं चांगलं कधीच आलं नव्हतं. खात्री करायला थोड्या वेळाने पुन्हा बघितलं, तेवढंच. हे कोणाला तरी सांगावंसं वाटलं. फोनपाशी गेले, कोणाचा नंबर फिरवावा ते सुचेना. तेवढ्यात खाली भाजीवाली ओरडली. मी जिना उतरून मेथीची जुडी घेतली आणि तिला म्हटलं, "आज माझं प्रेशर एकशे अठ्ठावीस आलं."

तिने पाटी डोक्यावर घ्यायला हात लावला होता, तो काढला. "म्हंजी चांगलं का वाईट, बाई?"

"चांगलं."

"मग बरं झालं," ती म्हणाली. मी पाटीला हात दिला आणि ती पुढच्या दाराकडे गेली.